छायाचित्रांची निर्यात : अडचणी आणि त्यांचे निदान

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
- मूळ छायाचित्र आणि निर्यात केलेली प्रत यांतील फरक सांगता येईल.
- निर्यात का अडली, याचा क्रमाने शोध घेता येईल.
- देवनागरी फाइलनामांमुळे उद्भवणाऱ्या अडचणींचे कारण स्पष्ट करता येईल.
- छायाचित्रासोबत कोणती माहिती द्यावी व कोणती वगळावी, हे ठरविता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोलीचा अभ्यास असो, शिलालेखाचे वाचन असो किंवा माळ्यावर सापडलेल्या मोडी कागदांची नोंद असो, क्षेत्रकार्यात छायाचित्र हा पुराव्याचा भाग असतो. ज्यांनी ते कागद एकदा दाखविले, ते पुन्हा दाखवतीलच याची शाश्वती नसते. म्हणून छायाचित्र नीट काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते संगणकातील संग्रहातून निर्दोषपणे बाहेर काढणेही महत्त्वाचे आहे. या क्रियेलाच ‘एक्स्पोर्ट’ अर्थात निर्यात म्हणतात. डिजिकॅम, लाइटरूम यांसारख्या आज्ञावली वापरताना येणाऱ्या अडचणींचा विचार आपण येथे करणार आहोत.

४.२ मूळ आणि प्रत

अशा आज्ञावलीत तुम्ही छायाचित्राचा उजेड वाढविता, कडा कापता, खाली ओळ लिहिता. हे बदल सामान्यतः मूळ चित्रबिंदूंवर होत नाहीत. ते सूचीत किंवा सोबतच्या छोट्या फाइलीत सूचनांच्या रूपाने नोंदले जातात. निर्यातीच्या वेळी आज्ञावली मूळ फाइल वाचते, त्या सूचना तिच्यावर लागू करते आणि नवी फाइल लिहिते. म्हणजे येथे तीन टप्पे आहेत : वाचणे, बदलणे व लिहिणे. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर आहे, हे ओळखणे म्हणजेच निदान.

४.३ निर्यात होतच नाही

प्रथम एकच छायाचित्र निवडा. त्याला साधे, लहान नाव द्या, जेपेग हे स्वरूप ठेवा आणि ते संगणकाच्या डेस्कटॉपवर निर्यात करा. ही प्रत तयार झाली, तर आज्ञावली ठीक आहे. मग तुमची नेहमीची मांडणी एकेक करून परत आणा : आधी मूळ फोल्डर, नंतर लांब नाव, नंतर आकार. ज्या पायरीवर निर्यात अडेल, तेथे दोष आहे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर कोणत्या बदलाने काम झाले हे कळत नाही.

साधे छायाचित्रही निघाले नाही, तर पुढील गोष्टी तपासा.

(अ) मूळ फाइल जागेवर आहे का? सूचीत दिसते ती पुष्कळदा केवळ लघुप्रतिमा असते. फोल्डर हलविला असेल किंवा बाहेरची डिस्क जोडलेली नसेल, तर चित्र दिसते. पण निर्यात होत नाही.

(आ) डिस्कवर जागा शिल्लक आहे का?

(इ) त्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी आहे का? महाविद्यालयातील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर ही अडचण विशेष संभवते.

४.४ देवनागरी नावांचा प्रश्न

भाषेच्या अभ्यासकाला हा भाग परका वाटू नये. ‘क्षेत्रकार्य’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र व्यंजन, हलन्तचिन्ह आणि मात्रा यांना स्वतंत्र संकेतांक असल्यामुळे हा शब्द १२ संकेतांकांचा होतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक ३ बाइट घेतो; म्हणजे एकूण ३६ बाइट. लिनक्सवरील प्रचलित फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट असते. ती देवनागरीत ८५ संकेतांकांवर, म्हणजे साधारणतः तीस-चाळीस अक्षरांतच संपते. गाव, तालुका, निवेदक, विषय व दिनांक हे सारे फाइलनामात कोंबले, तर नेमके हेच घडते. विंडोजवर फोल्डरांच्या नावांसह संपूर्ण मार्गाची लांबीही अडथळा ठरू शकते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ‘गुऱ्हाळ’मधील ‘ऱ’ हा एका संकेतांकाने लिहिता येतो किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण तुलना करण्यापूर्वी त्यांना एकरूप न करणाऱ्या आज्ञावलीला ते भिन्न वाटतात. जुन्या मॅक संगणकांची फाइलव्यवस्था नावे विघटित रूपात साठवीत असे. त्यामुळे फाइल समोर असूनही ‘सापडत नाही’ असा संदेश येऊ शकतो. यावर उपाय साधा आहे : फाइलीला लहान क्रमांकयुक्त नाव द्या आणि सविस्तर मराठी माहिती चित्राच्या मथळ्यात किंवा वेगळ्या तक्त्यात लिहा.

४.५ प्रत निघते, पण सदोष

*अस्पष्टता* : लांब बाजू १०२४ पिक्सेल ठेवलेली प्रत पडद्यावर ठीक दिसते, पण दर इंचास ३०० बिंदू या दराने छापल्यास ती जेमतेम साडेतीन इंच भरते. पूर्ण ए-४ पानासाठी सुमारे २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. तसेच जेपेगमध्ये जतन करताना दरवेळी काही तपशील गळतो. नकलेवरून नक्कल करताना चुका साचतात, तसेच हे आहे. म्हणून नवी प्रत नेहमी मूळ फाइलीवरूनच काढा.

*फिके रंग* : निर्यातीत रंगविस्तार ‘एसआरजीबी’ निवडा. विस्तृत रंगविस्तारातील प्रत इतरत्र निस्तेज दिसू शकते.

*आडवे चित्र* : चित्र कसे फिरवावे, याची सूचना फाइलीत असते, काही आज्ञावली ती वाचत नाहीत. चित्र प्रत्यक्ष फिरवूनच निर्यात करा.

४.६ काय द्यावे, काय वगळावे

कधी चित्र सुखरूप पोहोचते, पण खाली लिहिलेली माहिती हरवते. निर्यातीत ‘मेटाडेटा’ समाविष्ट करण्याचा पर्याय बंद असणे, हे त्याचे एक कारण. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने चित्र पाठविल्यासही ते दाबून लहान केले जाते आणि ही माहिती गळते. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

उलट, भ्रमणध्वनीने काढलेल्या चित्रात स्थळाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. निवेदकाच्या घराचा ठावठिकाणा त्याच्या संमतीविना बाहेर जाणे हा संशोधन-नीतीचा भंग होय. लाइटरूम क्लासिकसारख्या आज्ञावलीत स्थळाची माहिती काढून टाकण्याचा पर्याय निर्यातीच्या खिडकीतच असतो. प्रत देण्यापूर्वी तो अवश्य पाहा.

४.७ सारांश

निर्यात म्हणजे मूळ फाइल वाचून, सूचना लागू करून नवी प्रत लिहिणे. अडचण आल्यास एका साध्या चित्रावर प्रयोग करा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मूळ फाइलीला कधीही धक्का लावू नका. प्रत बिघडली, तर दुसरी काढता येते; मूळ गेले, तर तो पुरावाच गेला.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘विद्यार्थी’ या शब्दात किती संकेतांक आहेत? यूटीएफ-८मध्ये त्याला किती बाइट लागतील? (ताळा : १० व ३०)

२. चित्र सूचीत दिसते, पण निर्यात होत नाही. याची संभाव्य कारणे क्रमाने लिहा.

३. तुमच्या प्रकल्पातील एका छायाचित्राची प्रत काढा आणि तिच्यातील कोणती माहिती ठेवाल, कोणती वगळाल, ते सकारण सांगा.