आखाती देशांस जाताना घ्यावयाची दक्षता

गोमंतकातील तसेच बेळगाव परिसरातील अनेक कुटुंबांतील कोणी ना कोणी कुवेत, ओमान, बाहरीन, कतार, सौदी अरेबिया किंवा संयुक्त अरब अमिरात या देशांत नोकरीनिमित्त राहते. त्यांच्या भेटीस आईवडील व नातलगही जातात. तिकीट आणि व्हिसा यांची काळजी सर्वच जण घेतात. परंतु सामानात काय भरले आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. आपल्याकडे निर्दोष मानली जाणारी वस्तू तेथे बेकायदेशीर असू शकते आणि ‘ठाऊक नव्हते’ या सबबीवर शिक्षा टळेलच असे नाही.

खसखस आणि औषधे

खसखस आपल्या स्वयंपाकात नित्य वापरली जाते; अनारशावर ती लावतात, शागुतीच्या मसाल्यात ती वाटतात. मात्र खसखस हे अफूच्या झाडाचे बी असल्याने संयुक्त अरब अमिरात व सौदी अरेबिया येथे तिच्यावर बंदी आहे. त्यामुळे घरून मायेने बांधून दिलेला अनारशांचा डबाही प्रवाशास संकटात टाकू शकतो. मसाला न्यावयाचा झाल्यास तो खसखशीविना तयार करावा.

औषधांबाबतही अशीच सावधगिरी आवश्यक आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके व डायझेपामसारख्या गोळ्या यांवर तेथे कडक नियंत्रण असते. अशी औषधे अपरिहार्य असतील, तर त्या देशाच्या आरोग्य खात्याची पूर्वपरवानगी लागते काय, हे वकिलातीकडून आधीच जाणून घ्यावे. सर्वच औषधे मूळ वेष्टनात, मुक्कामापुरतीच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

सौदी अरेबिया व कुवेत येथे मद्य व डुकराचे मांस नेण्यास मनाई आहे. सबब काजूची फेणी किंवा गोव्याची चोरिस तेथील आप्तांसाठी नेण्याचा मोह टाळावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलेले बंद पुडके उघडून पाहिल्याविना स्वीकारू नये. भीड बाळगण्याचे कारण नाही; त्या पुडक्याची जबाबदारी नेणाऱ्यावरच येते.

लोकाचार

रमजानच्या महिन्यात सूर्योदयापूर्वीपासून सूर्यास्तापर्यंत उपवास पाळला जातो. या काळात सार्वजनिक ठिकाणी खाणे, पिणे व धूम्रपान वर्ज्य समजावे. कुवेतमध्ये १९६८ च्या कायद्यान्वये त्यासाठी १०० दिनारपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वस्तू देताघेताना व जेवताना उजवा हात वापरावा. परस्त्रीने आपणहून हात पुढे केल्याविना हस्तांदोलन करू नये. परवानगीविना कोणाचे, विशेषतः स्त्रियांचे, तसेच सरकारी व लष्करी इमारतींचे छायाचित्र घेऊ नये. यजमान लहान पेल्यात कॉफी देतात व पेला रिकामा होताच पुन्हा भरतात. पुरे झाल्यास पेला किंचित हलवून परत करावा, म्हणजे यजमानास समजते.

दैनंदिन व्यवहार

कुवेती व बाहरीनी दिनारचे १००० फिल्स, ओमानी रियालचे १००० बैसा, तर अमिरातीतील दिरहमचे १०० फिल्स होतात. कुवेतमधील पावतीवरील १.५०० हा आकडा दीड दिनार दर्शवितो, हे ध्यानी ठेवावे. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. म्हणून रस्ता ओलांडताना प्रथम डावीकडे पाहावे. बहुतेक आखाती देशांत शुक्रवार व शनिवार सुटीचे असतात; संयुक्त अरब अमिरातीच्या केंद्रीय कार्यालयांत मात्र २०२२ पासून शनिवार व रविवार सुटी असून शुक्रवारी दुपारपर्यंतच काम चालते.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी

पर्यटक व्हिसावर नोकरी करणे हा तेथे गुन्हा आहे. भरती करणारा दलाल भारत सरकारकडे नोंदणीकृत आहे याची खात्री करावी व करारपत्र वाचून समजून घेतल्यावरच सही करावी. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा आणि त्याची एक प्रत घरी ठेवून जावे. अडचण उद्भवल्यास विनाविलंब भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा.

परदेशी जाणाऱ्याचे सामान बहुधा घरची मंडळीच भरतात. यास्तव ही माहिती प्रवाशाइतकीच त्यांच्यापर्यंतही पोहोचणे अगत्याचे आहे. शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी ती गावात समजावून सांगितल्यास एखाद्या कुटुंबावरील मोठे संकट टळू शकेल.