गोड्या पाण्यातील स्पंज : एक दुर्लक्षित जीव

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेत कारकून. तेव्हा स्पंजावर लिहिण्याचा याला अधिकार काय, असे वाचकांना वाटणे साहजिक आहे. पण दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात कळमनुरी तालुक्यातील एका तलावाचे पाणी उतरले असता, बारावीत शिकणाऱ्या पुतण्याने दगडाला चिकटलेली एक करडी, ठिसूळ खपली मला दाखविली. “काका, हे वाळलेले शेवाळ नाही, हा प्राणी आहे.” मला खरे वाटले नाही. मग वाचले, जाणकारांना विचारले.

शाळेत आपण रंध्रीय प्राणीसंघ शिकतो, तो हाच. अंगभर बारीक छिद्रे. त्यांतून पाणी आत घ्यायचे, त्यातील जिवाणू गाळून खायचे व पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर सोडायचे. तोंड नाही, मेंदू नाही. सांगाडा सिलिकाच्या, म्हणजे वाळूतील द्रव्याच्या, सूक्ष्म सुयांचा.

या जीवाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. हेन्री कार्टर या डॉक्टरने मुंबईच्या तलावांतील स्पंजांचे वर्णन १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. एका जातीला पुढे त्याचेच नाव मिळाले. मुंबईतील कितीतरी तलाव नंतर बुजविले गेले. धोबी तलावाचे तर नुसते नाव उरले. अलीकडे, २०१३ मध्ये, पुण्याच्या संशोधकांनी त्या परिसरातील पाच जातींवर लेख लिहिला.

तलाव आटला की स्पंज मरतो, पण मागे मोहरीहून लहान, कठीण कवचाचे गोळे ठेवतो. त्यांना गेम्यूल म्हणतात. आमच्या भाषेत ही मुदत ठेव. पाणी आले की त्यातून पेशी बाहेर पडतात व नवा स्पंज तयार होतो. पक्ष्यांच्या पायाला चिकटून हे गोळे दुसऱ्या तलावातही जाऊ शकतात.

खरी मेख येथेच आहे. गेम्यूलमधून येणारा स्पंज हा जुन्याचीच हुबेहूब नक्कल असतो. लैंगिक प्रजननही होते, त्यातून वेगळी संतती निपजते. परंतु एखाद्या तलावात एकच गोळा आला असेल तर? शंभर दगडांवर शंभर स्पंज दिसतील, पण शंभर खात्यांचा खातेदार एकच! शास्त्रज्ञ म्हणूनच प्रत्येकाचा बारीक तुकडा घेऊन त्यांचा डीएनए ताडून पाहतात. सगळे सारखे निघाले, तर एकाला मारणारा रोग सर्वांना मारू शकतो. रशियातील बैकल सरोवरात २०११ च्या सुमारापासून स्पंज मोठ्या प्रमाणावर रोगट होऊन मेले. तेथील बहुतेक जाती अन्यत्र कोठेही नाहीत. दोन तलावांतले स्पंज डोळ्यांना सारखे दिसले तरी आनुवंशिक ठेवा वेगळा असू शकतो. एक तलाव गेला तर तो ठेवाही गेला.

आपल्याकडे उन्हाळ्यात तलावातला गाळ काढून शेतात टाकतात. कोरडवाहू शेतकऱ्याला तो सोन्यासारखा आहे, त्याला विरोध करणे मला योग्य वाटत नाही. फक्त यंत्र लावताना काठचे जुने दगड, सांडव्याची भिंत, बुडालेली झाडांची खोडे तेवढी राहू द्यावीत. गेम्यूल बहुधा तेथेच चिकटलेले असतात. एवढ्याने शेतकऱ्याचे एक टोपलेही कमी होत नाही.

विद्यार्थी मित्रांनी पाणी उतरू लागले की आपल्या गावचा तलाव पाहावा, तारीख व जागा वहीत लिहून ठेवावी. मात्र वाळलेली खपली हाताने चुरू नये व तो हात डोळ्याला लावू नये. त्या सुया फार टोचतात.