आकाशाचा पहारा

ही १९९४ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. मी त्या वेळी एका खेड्यातील विद्यालयात मराठी शिकवीत असे. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून एकच वार्ता गाजत होती. 'शूमेकर-लेव्ही ९' नावाच्या धूमकेतूचे वीसहून अधिक तुकडे झाले होते आणि १६ ते २२ जुलै या काळात ते एकामागून एक गुरू ग्रहावर आदळत होते. त्या आघातांनी उमटलेले काही काळे डाग आपल्या पृथ्वीएवढे मोठे होते. मी मोठ्या हौसेने ही वार्ता वर्गात वाचून दाखविली. वाचन संपताच मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, गुरूवर दगड पडले, त्याचे आम्हांला काय? एवढा पैसा घालून हे लोक दुर्बिणीतून पाहत बसतात, ते कोणासाठी?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. त्याच्या घरी पैशापैशाचा हिशेब होत असे. तोच हिशेब तो शास्त्रज्ञांकडे मागत होता. मी ज्ञानाचे महत्त्व, मानवाची जिज्ञासा, विज्ञानाचे उपकार असे पुष्कळ काही बोललो. मुलांनी माना डोलावल्या. तो मुलगा मात्र तसाच माझ्याकडे पाहत राहिला. माझे उत्तर खोटे नव्हते. पण ते कोणाच्याच मनात उतरले नव्हते, हे मला तास संपण्यापूर्वीच कळून चुकले.

दुसऱ्या दिवशी मी व्याकरण बाजूला ठेवले आणि डॉ. जयंत नारळीकर यांची 'धूमकेतू' ही कथा वर्गाला सांगितली. दत्तदा नावाचे एक बंगाली गृहस्थ असतात. आकाश न्याहाळण्याचे त्यांना विलक्षण वेड. रात्री सारे जग निजले, की ते आपल्या दुर्बिणीपाशी जात. त्यांच्या पत्नीला ती दुर्बीण सवतीसारखी वाटे! एके रात्री त्यांना एक नवा धूमकेतू दिसतो आणि त्यांचे नाव सर्वत्र होते. परंतु पुढे शास्त्रज्ञ गणित मांडतात, तेव्हा तो धूमकेतू पृथ्वीवरच आदळणार असे निघते. मग निरनिराळ्या देशांतील जाणकार गुपचूप एकत्र जमतात आणि अण्वस्त्रांनी सज्ज असे यान पाठवून त्याला वाटेतच बाजूला वळविण्याचे ठरवितात. इकडे दत्तदांच्या घरी धूमकेतूचे अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ मांडलेला असतो.

वर्ग चिडीचूप झाला होता. यान निघाले तेथे मी मुद्दामच थांबलो. तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, त्या रात्री दत्तदा झोपले असते तर?"

कालच्या आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याने स्वतःच शोधून काढले होते. उरलेले अर्धे मी गलोलीच्या साहाय्याने समजावून दिले. खडा सोडताना हात केसभर हलला, तर हातभर अंतरावरील खांबाचा नेम चुकत नाही. परंतु बांधापलीकडच्या आंब्यावरील कैरी मात्र हटकून वाचते. धूमकेतूचे किंवा लघुग्रहाचे तसेच आहे. तो दूर असतानाच त्याला अगदी अल्पसा धक्का दिला, तरी पुढे त्याची वाट पुष्कळ बदलते. अगदी जवळ येऊन ठेपल्यावर मोठा धक्काही अपुरा पडतो. म्हणून सर्व मदार असते ती लवकर दिसण्यावर, आणि लवकर दिसण्यासाठी कोणीतरी रात्रीमागून रात्री जागावे लागते.

असे आघात केवळ गुरूवरच होतात असे नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या खळग्यात आहे, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. विष्णूने लवणासुर दैत्याचा तेथे वध केला, अशी कथा त्या भागातील लोक सांगत आले आहेत. दैत्यसूदनाचे सुंदर मंदिरही तेथे आहे. हा खळगा ज्वालामुखीचा असावा, असे पूर्वी काही अभ्यासकांना वाटत असे. परंतु प्रचंड आघातानेच खडकात निर्माण होणारे काचेसारखे द्रव्य तेथे सापडले, आणि अवकाशातून आलेल्या वस्तूच्या आघाताने तो झाल्याचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. अलीकडे, १५ फेब्रुवारी २०१३ रोजी, रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर रुंदीचा एक अवकाशस्थ खडक आकाशातच फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कोणालाही दिसला नव्हता. त्या हादऱ्याने खिडक्यांच्या काचा फुटून व अन्य कारणांनी सुमारे दीड हजार लोक जखमी झाले.

आता कथा लिहिणाऱ्याविषयी थोडेसे. नारळीकर हे विश्वाच्या रचनेचा अभ्यास करणारे थोर शास्त्रज्ञ. गोष्टी लिहिणे हे आपले काम नव्हे, असे ते सहज म्हणू शकले असते. तथापि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि नावाला भुलून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून 'नारायण विनायक जगताप' असे टोपणनाव घेतले. आपल्या नावाची आद्याक्षरेच त्यांनी उलटी फिरविली होती! कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे ते अखेरपर्यंत लिहीत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

'धूमकेतू'चा शेवट मला फार आवडतो. संकट टळते, तेव्हा दत्तदांच्या पत्नीला वाटते की ते यज्ञामुळेच टळले. दत्तदा बिचारे काय बोलणार! शास्त्रज्ञांनी काम केले, पण ते घरच्या माणसालाही पटले नाही, ही त्यांची खंत आहे. लेखकाने तेथे कोणाचाही उपहास केलेला नाही, हे मला विशेष वाटते.

कथेतील ती कल्पना पुढे निराळ्या रीतीने प्रत्यक्षात आली. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा या संस्थेचे 'डार्ट' यान 'डायमॉर्फस' नावाच्या, सुमारे १६० मीटर व्यासाच्या खडकावर मुद्दाम आदळविण्यात आले. त्याच्यापासून पृथ्वीला कसलाही धोका नव्हता. ती केवळ परीक्षा होती. यानात अण्वस्त्रही नव्हते. हा खडक 'डिडिमॉस' या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत एक फेरी पूर्ण करीत असे. आघातानंतर पृथ्वीवरील दुर्बिणींतून पाहणाऱ्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा फेरीचा काळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाल्याचे आढळले. त्या आघाताचे परिणाम जवळून पाहण्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेचे 'हेरा' यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी पृथ्वीवरून निघाले.