कोरी हंडी

डिसेंबर लागला की अचलपूर-परतवाड्यात भेटेल तो विचारतो, "काय सर, बहिरमले केव्हा जाता?"

परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळ बहिरम आहे. टेकडीवर भैरवाचं देऊळ आणि खाली माळावर जत्रा. २० डिसेंबरच्या सुमारास ती भरते आणि महिनाभराहून जास्त चालते. मेळघाटातले कोरकू, सीमेपलीकडचे गोंड, वऱ्हाडातले शेतकरी, सगळे येतात. आम्हीही जातो, पण टेकडीवर नाही, खाली माळावर. बहिरमचं नाव साऱ्या वऱ्हाडात ज्यासाठी घेतात ते तिथंच मिळतं : मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे.

ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हंडी आदल्या दिवशी घ्यावी आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी हंडी थेट विस्तवावर ठेवली तर तडकते. सकाळी आतून तेलाचा हात फिरवून मंद आंचेवर थोडी तापवून घ्यावी. मग तेल, कांदा, आलं-लसूण, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, तिखट आणि मटण. झाकण कणकेनं बंद करावं, खाली गोवऱ्यांचा विस्तव ठेवावा आणि घाई करू नये. माती धातूसारखी पटकन तापत नाही आणि पटकन निवतही नाही. त्यामुळे मटण खाली लागत नाही, आपल्याच वाफेत शिजतं. रोडगे बाजूच्या निखाऱ्यात भाजायचे. जाडसर गव्हाच्या कणकेचे, थरावर थर देऊन वळलेले हे गोळे. भाजले की राख झटकायची, फोडायचे आणि वरून तूप सोडायचं.

आम्ही लहान असताना जत्रेत तंबूतला सिनेमाही असायचा. अब्बांनी आम्हाला 'मुघल-ए-आझम' तिथंच दाखवला. के. आसिफ यांचा हा चित्रपट १९६० सालचा. आमच्यापर्यंत येईतो रीळ इतकी झिजली होती की अकबराच्या दरबारात सारखा पाऊस पडतोय असं वाटे. ज्यांच्याकडून अब्बा दरवर्षी हंडी घेत ते कुंभारकाका दुकान आवरून आमच्या शेजारी येऊन बसत. उर्दू संवाद त्यांना कळत नसत, म्हणून अब्बा ते वऱ्हाडीत सांगत. बादशहा वऱ्हाडीत बोलू लागला की आजूबाजूचे लोकही पडदा सोडून अब्बांकडे पाहत. पुढे एकदा त्यांनी 'देवकीनंदन गोपाला' पाहिला. राजदत्त यांच्या १९७७ सालच्या या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू गाडगेबाबा झाले आहेत. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. जवळ मातीचं गाडगं असायचं म्हणून ते नाव पडलं. काका अब्बांना म्हणाले, "पाहा भाऊ, आमच्या गाडग्यानं एवढ्या मोठ्या मानसाले नाव देलं."

मातीच्या भांड्याशी आपल्या घरांचं नातंही काही कमी नाही. रमजानमध्ये मशिदीतला माठ, मुहर्रममध्ये सबीलवरचे शरबताचे मटके. रजबच्या २२ तारखेचे कुंडे तर भांड्याच्याच नावानं ओळखले जातात. कुंडे करावेत की नाही यावर मतभेद आहेत, आमच्या घरातही आहेत. इमादशाहीची राजधानी राहिलेल्या या आपल्या गावातली हौज कटोऱ्याची अष्टकोनी इमारतसुद्धा नाव सांगते ते भांड्याचंच.

आणि शेवटी गुस्लचे कोरे घडे. अब्बांचा इंतकाल जानेवारीतल्या एका रात्री झाला. घडे हवे होते आणि बाजार बंद होता. आम्ही दोन वाजता काकांचं दार वाजवलं. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते. निरोप ऐकून काही न बोलता आत गेले, कंदील धरून एकेक घडा बोटानं वाजवून पाहिला आणि चार निवडून दिले. आम्ही खिशात हात घातला तेव्हा म्हणाले, "भावाच्या आखरी पान्याचे पैसे घेऊ काय जी मी?" सकाळी ते कब्रस्तानाच्या फाटकाशी उभे होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. आमच्या शाळेतले आम्ही चौदा शिक्षक एका रविवारी बहिरमला जायचो. मटण अचलपूरच्या आपल्या खाटकाकडून न्यायचं, म्हणजे सगळ्यांना चालतं. एक हंडी मटणाची, एक वांग्याच्या भाजीची. दहाएक वर्षं असंच चाललं. चार वर्षांपूर्वी एका सहकाऱ्यांनी स्टाफरूममध्ये सुचवलं, "या वेळी मटण आपापलं आणू. उगाच कोणाले बोलायले जागा नको." कोणी कारण विचारलं नाही. आम्हीही नाही. भांडण झालं नाही, फक्त दोनच्या तीन हंड्या झाल्या. दुकानावर आता काकांचा मुलगा बसतो. त्यानं मोजून विचारलं, "सर, मानसं तेवढीच ना? मग हंडी काऊन वाढली?" आम्ही हसून वेळ मारून नेली. पुढच्या दोन्ही वर्षी तीनच हंड्या घेतल्या.

गेल्या वर्षी आमच्या मुलानं दुसऱ्या बाजूनं तोच प्रश्न विचारला. तो अकरावीत आहे, मोबाइलवर बरंच काही ऐकतो. "अब्बू, दुसऱ्यांच्या जत्रेत आपलं काय काम?" आम्ही त्याला सांगितलं, "इबादत फक्त अल्लाहची, त्यात कोणाची भागीदारी नाही. ताटात येईल ते हलाल हवं. या दोन गोष्टी सांभाळून शेजाऱ्यासोबत जेवायला बसलो तर ईमानाला धक्का लागत नाही. शेजाऱ्याचा हक्क तर आपल्यावर आहेच." तो म्हणाला, "मग आपण वेगळी हंडी का लावतो?" याचं उत्तर आमच्याजवळ नव्हतं.

अब्बांचं एक सांगणं तेव्हा आठवलं. धातूचं भांडं घासून साफ होतं, मातीचं होत नाही. तेल-मसाला मातीत मुरतो. म्हणून हलाल-हरामची काळजी असलेलं घर दुसऱ्याच्या वापरलेल्या मडक्यात शिजवत नाही. जुन्या वळणाच्या हिंदू घरांतही मातीचं भांडं विटाळलं की फोडून टाकत. दोघांचे नियम वेगळे, पण दोघं येऊन थांबतात कोऱ्या हंडीपाशी. तिच्यात अजून कोणाचं काही शिजलेलं नसतं.

आम्ही एक कोरी हंडी घेतली आणि त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "सर, आमची अट एकच, मटण हलाल पाहिजे. तुमची अट सांगा, आजच ठरवून टाकू." ते बराच वेळ हंडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझी अट काहीच नव्हती सर. गल्लीतले लोक बोलत होते, मी घाबरलो." आतून वहिनींचा आवाज आला, "भाऊ, मटण तुमच्याच खाटकाकडून आना. मसाला मी वाटते."

गेल्या डिसेंबरात पुन्हा दोनच हंड्या लागल्या. चौदापैकी दहा जण आले, चौघं आले नाहीत. त्यांच्याकडेही जायचं आहे. मुलगा सोबत होता. रोडग्यांवरची राख झटकायचं काम त्यानं आपणहून घेतलं आणि बोटं भाजून घेतली.

काका आता नाहीत. त्यांचा मुलगा सांगतो, चांगली माती दुरून आणावी लागते, गोवऱ्याही महाग झाल्या, आणि त्याच्या पोराला चाकावर बसायचं नाही. तेव्हा या उन्हाळ्यात निदान एक माठ आपल्या गावच्या कुंभाराकडून घ्या. घेताना बोटानं वाजवून पाहा. नीट भाजलेला खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. सूरह रहमानमध्ये माणसाच्या घडणीसाठी अशाच वाजणाऱ्या मातीची उपमा आली आहे.

आणि एखाद्या शेजाऱ्याची हंडी अलीकडे वेगळी लागत असेल, तर का ते एकदा घरी जाऊन विचारा. आम्ही न विचारता तीन जत्रा घालवल्या.