नवा पंक्तिप्रपंच

मराठींतील ‘पंगत’ हा शब्द संस्कृत ‘पङ्क्ति’ या शब्दापासून आला, हें पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु त्याच शब्दावरून आपल्या भाषेनें दुसरा जो एक शब्द घडविला, तो अधिक अर्थपूर्ण आहे. तो शब्द म्हणजे ‘पंक्तिप्रपंच’. एका पंगतीस बसलेल्या मंडळींपैकीं एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर नुसता थेंब, एकास जिलबीचा आग्रह आणि दुसऱ्याच्या पानाकडे कोणाचें लक्षच नाहीं, असा दुजाभाव झाला म्हणजे त्यास पंक्तिप्रपंच म्हणावयाचें. आमच्या लहानपणीं घरांतील वडील माणसें वाढणाऱ्या मुलांना पहिला धडा देत तो हाच, कीं पंगतीच्या टोकास बसलेल्या माणसाच्या पानाकडे आधीं पाहा. तोंड पाहून वाढणें याहून मोठा दोष यजमानाच्या घरीं दुसरा मानला जात नसे.

आतां पंगत हॉटेलांत गेली आहे. मुलाची परीक्षा संपली, कोणास बढती मिळाली, जुने वर्गमित्र जमले किंवा सुटींत चुलत-आते भावंडें एकत्र आलीं, कीं सर्वांचीं पावलें उपाहारगृहाकडे वळतात. तेथें वाढण्याचें काम पगारी माणसें करतात आणि तीं कोणाचें तोंड पाहत नाहींत. तेव्हां पंक्तिप्रपंच संपला, असें वाटण्याचा संभव आहे. पण तसें झालेलें नाहीं. तो पानावरून उठला आणि बिलावर जाऊन बसला. पूर्वीं सारख्या मानाच्या माणसांना कमीजास्त वाढणें हा दोष होता. आज कमीजास्त जेवलेल्या आणि कमीजास्त मिळकतीच्या माणसांकडून सारखे पैसे घेणें हा दोष झाला आहे. हा दोष प्रत्यक्ष आमच्याच हातून घडला, म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

आम्ही कांहीं निवृत्त शिक्षक महिन्यांतून एका रविवारीं संध्याकाळीं एकत्र जमतों. प्रथम बागेंत एक फेरी, मग एखाद्या हॉटेलांत फराळ, असा आमचा क्रम. अशाच एका रविवारीं आम्ही नऊ जण होतों. कोणीं थाळी मागविली, कोणीं पंजाबी भाज्या मागविल्या, कोणीं शेवटीं आइस्क्रीम घेतलें. आमचे एक स्नेही मात्र साधा डोसा आणि चहा एवढ्यावरच थांबले. बिल आलें तें ४,३२० रुपयांचें. आयुष्यभर मुलांकडून तोंडचे हिशेब करून घेतलेले आम्ही; कागद हातीं येतांच, ‘नवांनीं भाग द्या, प्रत्येकीं ४८०’ असें मोठ्यानें सांगून मोकळे झालों. भागाकार निःशेष गेला याचा आम्हांस आनंदहि झाला ! बहुतेकांनीं फोन काढले. त्या स्नेह्यांनीं जुनें पाकीट काढलें, शंभराच्या चार नोटा मोजल्या आणि वरच्या ऐंशींसाठीं दहादहाच्या नोटा एकेक करून टेबलावर ठेवल्या. त्यांच्या डोशाचे ९० आणि चहाचे ३०, मिळून १२० रुपये. त्यावर कर ६ रुपये. त्यांचें खरें देणें १२६ रुपयांचें होतें. हा हिशेब मात्र त्या वेळीं आम्हीं केला नाहीं.

पुढील महिन्यांत ते आले नाहींत. ‘उपास आहे’ असा निरोप आला. आमच्या खोडीप्रमाणें आम्हीं पंचांग उघडून पाहिलें, तर तिथि वद्य षष्ठी ! त्यापुढील महिन्यांत नातवाची परीक्षा निघाली आणि नंतर गुडघेदुखी. पुढें एका हळदीकुंकवाच्या निमित्तानें आमच्या सौभाग्यवतींची व त्यांच्या पत्नींची गांठ पडली, तेव्हां खरें कारण कळलें. त्या रात्रीं घरीं गेल्यावर ते एवढेंच म्हणाले होते, ‘‘तेवढ्यांत आपली आठवड्याची भाजी आली असती.’’ त्यांत तक्रारीचा सूरहि नव्हता. त्यांची सारी नोकरी विनाअनुदानित शाळेंत गेली. आम्हां अनुदानित शाळेंतील लोकांसारखें सरकारी निवृत्तिवेतन त्यांना नाहीं. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेंतून जें थोडें हातीं पडतें त्यावर त्यांना भागवावें लागतें. त्या योजनेंतील किमान निवृत्तिवेतन २०१४ सालीं ठरविण्यांत आलें तें महिना १,००० रुपये, यावरून वाचकांस कल्पना येईल. हें सारें आम्हांला ठाऊक होतें. ठाऊक असून आठवलें नाहीं, हाच आमचा अपराध.

आतां वर्गणी काढून खाण्याची चाल कांहीं परकी नव्हे. शाळेंतील अंगतपंगत, कोजागिरीचें आटीव दूध, आळींतील वनभोजन, हे सारे प्रकार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परंतु या सर्वांत एक गोष्ट समान आहे. अंगतपंगतींत ज्यानें त्यानें आपल्या घरचें आणावयाचें. चटणीभाकरी आणणारा आणि पुरणपोळी आणणारा एकाच वर्तुळांत बसतात. वर्गणी असेल तर तिचा आंकडा आधीं जाहीर होतो, आणि ज्यास परवडत नसेल तो आधींच कांहीं निमित्त काढून बाजूस होऊं शकतो. खानावळींत एका पानाचा दर ठरलेला असतो. मुंबईस माटुंग्याला १९४२ पासून चालत असलेल्या रामा नायक यांच्या उडुपी बोर्डिंगांत तर आधीं कूपन घ्यावयाचें आणि मग जेवावयास बसावयाचें, अशी रीत. म्हणजे घास तोंडांत जाण्यापूर्वीं त्याची किंमत माणसाला ठाऊक असते. हॉटेलांतील समान वांटणींत नेमकें उलट होतें. आधीं खावयाचें आणि आपला आंकडा मागाहून, चारचौघांच्या देखत, दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाचा. त्या घटकेला ‘मला हें जड आहे’ असें म्हणण्याइतकें धैर्य किती जणांपाशीं असतें ?

ज्याचे त्यानें पैसे द्यावे, या रीतीला नांव देतांना तिचें पितृत्व दुसऱ्या राष्ट्राच्या पदरीं बांधण्याची हौस पुष्कळांना आहे. इंग्रजींत ती ‘डच’ रीत म्हणून ओळखली जाते; तुर्क लोक तिला ‘जर्मन रीत’ म्हणतात; इटलींत सर्वांनीं मिळून बिल वांटून घेणें याला ‘रोमची रीत’ असें नांव आहे. आपल्या मराठी तरुणांनीं मात्र कोणा परक्यावर आळ न घेतां ‘तुझें तूं, माझें मी’ असें स्वच्छ नांव ठेवलें आणि त्याचेंहि ‘टी. टी. एम. एम.’ असें इंग्रजी आद्याक्षरांचें रूप करून टाकलें. जुन्या पिढीच्या कानांना तें कोरडें लागतें. आम्हांलाहि लागत असे. पण आतां विचारान्तीं वाटतें, कीं त्या कोरडेपणांत एक प्रकारची दया आहे. आणि समान वांटणीच्या गोडव्यांत पुष्कळदां निष्काळजीपणा असतो.

समान वांटणीचा दुसरा परिणाम अर्थशास्त्रज्ञांनीं मोजून दाखविला आहे. उरी ग्नीझी व त्यांचे दोन सहकारी यांनीं इस्रायलमध्यें केलेला एक प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाला. परस्परांशीं ओळख नसलेल्या सहासहा जणांचे गट हॉटेलांत नेण्यांत आले. कांहीं गटांना सांगितलें, कीं ज्याचे त्यानें पैसे द्यावयाचे. तेथें माणशीं सुमारें ३७ शेकेल खर्च झाला. कांहींना सांगितलें, कीं बिल सहांत सारखें वांटलें जाईल. तेथें माणशीं खर्च सुमारें ५१ शेकेलांवर गेला. ज्यांना सर्व फुकट होतें त्यांचा आंकडा ८२ झाला. कारण उघड आहे. सारख्या वांटणींत आपण शंभर रुपयांचा जिन्नस जास्त मागविला, तर आपल्या वांट्यास त्याचा सहावा हिस्सा येतो आणि बाकीचा भार पांच जण उचलतात. पण पांचहि जण हाच विचार करतात ! आणि गंमत अशी, कीं आधीं विचारलें असतां दर पांचांपैकीं चौघांनीं ज्याचें त्यानें देण्याचीच रीत पसंत केली होती. म्हणजे मनांतून बहुतेकांना तीच हवी असते. फक्त बोलावें कोणीं, एवढाच प्रश्न राहतो.

येथेंच या विषयाचें सारें मर्म आहे. बोलावें तें ज्याचा खिसा भरलेला आहे त्यानें, आणि बोलावें तें जिन्नस मागविण्यापूर्वीं. ‘मंडळी, आज ज्याचें त्यानें’ हें वाक्य सुखवस्तु माणसाच्या तोंडीं सहज शोभतें. तेंच गरजवंताच्या तोंडीं आलें तर त्याची लाज उघडी पडते. पंगतींत टोकाच्या पानाकडे पाहण्याचा जो धडा आम्हांस मिळाला होता, त्याचा हॉटेलांतील अर्थ एवढाच आहे.

याच तत्त्वावरून बाकीचे नियम आपोआप निघतात. पहिली गोष्ट भाषेची. ‘‘चला, तुम्हांला जेवायला नेतों’’ असें म्हणणारा यजमान होय. त्यानें बिलाकडे दुसऱ्यास पाहूंहि देऊं नये. ‘‘आपण जेवायला जाऊं या’’ असें म्हणणारा केवळ सोबती होय. या दोन वाक्यांची गल्लत करून माणसें बोलावयाचीं आणि मागाहून हिस्सा मागावयाचा, हा शुद्ध आडमुठेपणा आहे. दुसरी गोष्ट, समान वांटणी तेथेंच करावी जेथें सर्वांचें खाणें जवळजवळ सारखें आणि सर्वांची ऐपतहि सारखी. मद्यपान करणाऱ्यांनीं त्याचें बिल निराळें मागावें. न पिणाऱ्याच्या माथीं तो खर्च मारणें हा अन्यायच. तिसरी गोष्ट कराची. बहुतेक उपाहारगृहांत वस्तु व सेवा कर ५ टक्के असतो. ज्यानें त्यानें फक्त आपल्या जिन्नसांचे पैसे टाकले, म्हणजे कराची रक्कम शेवटीं बिल हातांत धरणाऱ्याच्या गळ्यांत पडते. म्हणून आपल्या शंभराचे एकशेंपांच हा हिशेब ज्यानें त्यानें मनांत धरावा. सेवाशुल्काची गोष्ट निराळी. तें बिलांत परस्पर लावूं नये, असें ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें बजावलें आणि मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें तें उचलून धरलें. कोणास खुषीनें वाढप्याच्या हातावर कांहीं ठेवावयाचें असेल तर त्यानें तें आपल्या खिशांतून ठेवावें, सर्वांच्या नांवावर नव्हे.

एकत्र कुटुंबांत आणखी एक नाजूक बाब असते. पूर्वीं घरांतील कर्ता पुरुष पैसे देई आणि विषय संपे. आतां चार भाऊ चार ठिकाणीं नोकरीस असतात आणि प्रत्येकाची मिळकत वेगळी. एक जण तेवढ्यापुरतें बिल देतो आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्व कुटुंबाच्या फोनवर संदेश येतो, ‘प्रत्येकीं ६४० पाठवावे’. २०१६ पासून यूपीआयची सोय झाल्यावर पैसे पाठविणें क्षणाचें काम झालें, ही सुखाची गोष्ट. पण मागणेंहि क्षणाचें झालें! ज्या धाकट्या भावाची नोकरी नुकतीच गेली आहे, त्याचें नांव ‘बाकी’ म्हणून सासरमाहेरच्या सर्व मंडळींसमोर दोन दिवस झळकत राहतें, आणि त्याच्या पत्नीस स्वयंपाकघरांत मान खालीं घालावी लागते. घरच्या माणसाकडे पैसे मागावयाचेच असतील तर एकट्यास, एकदांच आणि हळू आवाजांत मागावे. आणि ज्याला अधिक आहे त्या वडील भावानें कधींकधीं हिशेब विसरून जावें. विसरणें हीहि एक विद्याच आहे.

आमच्या स्नेह्यांचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख संपवितों. आम्ही त्यांच्या घरीं गेलों. पैशांची गोष्ट काढली नाहीं. ‘‘आतां आमच्या पोटाला तें जड खाणें सोसत नाहीं आणि थाळीवाल्यांचीं बिलेंहि सोसत नाहींत, यापुढें ज्यानें त्यानें आपलें मागवावें आणि आपलें द्यावें असा नियम करावयाचा आहे, तुमचा पाठिंबा हवा,’’ एवढेंच म्हणालों. त्यांनीं आमच्याकडे एकवार नीट पाहिलें. फसले असतील असें वाटत नाहीं. पण पुढील रविवारीं ते आले. डोसा आणि चहा घेतला, आपले १२६ रुपये दिले, आणि नेहमींप्रमाणें कालिदासावरून आमच्याशीं कडाडून भांडले.

पुढें तीन-चार महिन्यांनीं, सर्वांचें खाणें आटोपल्यावर, ते एकाएकीं म्हणाले, ‘‘आजचा चहा माझ्याकडून.’’ नऊ कप चहा, म्हणजे करासह २८३ रुपये ५० पैसे. हा हिशेब मात्र आमच्या मनांत तत्काळ झाला आणि हात खिशाकडे गेला. पण त्यांच्या मुद्रेवरील समाधान पाहून आम्हीं तो तसाच मागें घेतला. समान वांटणीनें आम्हीं त्यांचे केवळ पैसेच नव्हे, तर आपल्या ऐपतीप्रमाणें दुसऱ्यास कांहीं देण्याचा आनंदहि हिरावून घेतला होता, हें त्या चहाच्या घोटाबरोबर आम्हांस उमगलें. चहा फार गोड झाला होता. आम्हीं तो शेवटच्या थेंबापर्यंत घेतला.