ईश्वरसान्निध्य, ख्रिस्ती

ईश्वर सदैव आपल्या निकट आहे या श्रद्धेने दैनंदिन जीवनातील कामे, निर्णय व संकटे यांत त्याच्यावर विसंबून राहण्याची ख्रिस्ती वृत्ती व तीतून विकसित झालेली साधना. ईश्वराची सर्वव्यापकता आणि ईश्वराचे सान्निध्य या दोन कल्पना परस्परांशी निगडित असल्या, तरी एक नव्हेत. सर्वव्यापकता हा ईश्वराच्या स्वरूपाविषयीचा सिद्धांत आहे. सान्निध्य हा ईश्वर व माणूस यांच्यातील संबंध आहे. म्हणून ख्रिस्ती परंपरेत त्याचे वर्णन बहुधा पिता व अपत्य, मेंढपाळ व मेंढरू, मित्र व मित्र अशा नात्यांच्या भाषेत केलेले आढळते. या वृत्तीतील विसंबणे म्हणजे निष्क्रियता नव्हे. काम माणसाने करावयाचे, परंतु त्याच्या फळाची व उद्याची चिंता ईश्वरावर सोपवावयाची, असा तिचा सर्वसाधारण आशय आहे. हा आशय शब्दांत सोपा वाटला, तरी उपजीविका, दुष्काळ, आजार व मृत्यू यांच्या प्रसंगी त्याची खरी कसोटी लागते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या कसोटीची काही ठळक उदाहरणे आढळतात.

बायबलमधील आधार : या कल्पनेची मुळे जुन्या करारात आहेत. इझ्राएल लोक ईजिप्तच्या दास्यातून सुटून रानातून प्रवास करीत असता त्यांना रोज पहाटे ‘मान्ना’ नावाचे अन्न मिळे, अशी कथा ‘निर्गम’ या ग्रंथात आहे. ते प्रत्येकाने त्या दिवसापुरतेच गोळा करावयाचे असे. साठवून ठेवलेले अन्न नासत असे. विश्रांतीचा दिवस म्हणजे शब्बाथ याच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट अन्न गोळा करण्याची मुभा होती. ईश्वरावरील अवलंबन रोजच्या रोज नव्याने करावयाचे असते, त्याचा साठा करता येत नाही, हा या कथेचा पुढील काळात लावला गेलेला अर्थ होय. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही मागणी आहे ती त्या दिवसाच्या भाकरीची. ‘डोंगरावरील प्रवचना’त आकाशातील पाखरे व रानातील फुले यांचे दाखले देऊन अन्नवस्त्राची चिंता न करण्याचा उपदेश केलेला आहे. येशूला लावलेले ‘इम्मानुएल’ हे नाव ‘आम्हांबरोबर देव’ या अर्थाचे आहे व युगाच्या समाप्तीपर्यंत तो शिष्यांसमवेत राहील, या आश्वासनाने मत्तयकृत शुभवर्तमान संपते. तथापि, काम न करता इतरांच्या अन्नावर जगणाऱ्यांची संत पॉल यांच्या नावे असलेल्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात कठोर शब्दांत कानउघाडणी केलेली आहे. विश्वास व श्रम या दोन्ही बाजू नव्या करारात अशा प्रकारे एकत्र आहेत.

ऐतिहासिक विकास : संत बेनेडिक्ट (सु. ४८०–सु. ५४७) यांनी मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमावलीत प्रार्थनेच्या वेळांबरोबरच शारीरिक श्रमाच्या वेळाही ठरवून दिलेल्या आहेत आणि मठातील साधी हत्यारे व भांडीदेखील वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे जपावीत, असे सांगितले आहे. येसू संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लॉयोला (१४९१–१५५६) यांनी दिवसाचे अवलोकन करून त्यात ईश्वराची चाहूल कोठे लागली व आपले पाऊल कोठे चुकले हे पाहण्याची पद्धत रूढ केली.

सतराव्या शतकात या साधनेला सर्वांत साधे रूप दिले, ते पॅरिसच्या कार्मेलाइट मठातील ब्रदर लॉरेन्स (सु. १६१४–९१) यांनी. पूर्वायुष्यात सैनिक असलेले व पायाने अधू झालेले लॉरेन्स मठाच्या स्वयंपाकघरात अनेक वर्षे काम करीत व उतारवयात चपला दुरुस्त करीत. स्वयंपाकाच्या कामाची त्यांना मूळची आवड नव्हती. प्रार्थनेची वेळ व कामाची वेळ यांत भेद मानू नये, भांड्यांच्या गोंगाटातही ईश्वराशी मनोमन बोलत राहावे, मन भरकटल्यास फार खंत न करता ते पुन्हा वळवून आणावे, एवढीच त्यांची शिकवण. त्यांची पत्रे व संभाषणे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि ती कॅथलिकांइतकीच प्रॉटेस्टंटांमध्येही वाचली गेली. त्याच शतकात निवृत्तिवाद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विचारसरणीने ईश्वरापुढे संपूर्ण निष्क्रिय होण्यावर भर दिला; १६८७ मध्ये पोपने तिचा निषेध केला. सान्निध्य व निष्क्रियता यांतील सीमारेषा त्यामुळे अधिक स्पष्ट झाली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर (१८०५–९८) यांनी कोणापाशीही पैसा न मागता, केवळ प्रार्थनेवर विसंबून अनाथाश्रम चालविले. या प्रयोगाचा प्रभाव महाराष्ट्रापर्यंत पोहोचला.

महाराष्ट्रातील परंपरा : मराठी भाषेत ख्रिस्ती भक्तीला पहिले भव्य रूप लाभले, ते फादर टॉमस स्टीव्हन्स (१५४९–१६१९) यांच्या क्रिस्तपुराण (१६१६) या ओवीबद्ध ग्रंथामुळे. गोव्यातील नवख्रिस्ती घरांना पूर्वपरिचित पुराणश्रवणाच्या मार्गानेच नव्या श्रद्धेचा सहवास घडावा, अशी त्यामागील दृष्टी होती.

मराठवाड्यात, परभणी जिल्ह्याच्या शेजारी असलेल्या जालना येथे, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्य केले. हा प्रदेश त्या वेळी हैदराबाद संस्थानात होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी त्यांनी जालन्याजवळ जी वसाहत उभारली, तिचे नाव ‘बेथेल’, म्हणजे ‘देवाचे घर’. बायबलमधील याकोब घर सोडून जात असता उघड्यावर धोंड्याची उशी करून झोपला. ज्या जागी देव असल्याचे आपल्याला ठाऊक नव्हते, तेथेच तो आहे, हे त्याला स्वप्नातून उमगले व त्याने त्या जागेला हे नाव दिले, अशी कथा आहे. गावकुसाबाहेर राहावे लागलेल्या माणसांच्या वस्तीला हे नाव देण्यातील अर्थ उघड आहे. जालन्यापासून जिंतूर, बोरी, परभणीपर्यंतच्या या मुलखात शेती त्या काळी पावसावरच अवलंबून होती. त्या दिवसाच्या भाकरीची प्रार्थना ही तेथे केवळ आलंकारिक भाषा नव्हती.

केडगावचे मुक्ती मिशन : ईश्वरावरील दैनंदिन अवलंबनाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे स्थापन केलेले मुक्ती मिशन. रमाबाईंना भुकेचा प्रत्यक्ष अनुभव होता. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई व थोरली बहीण यांचा अंत झाला. तीर्थस्थानी दानधर्म व अनुष्ठाने करण्यात कुटुंबाचे होते ते द्रव्य संपले आणि पुराणकथनाखेरीज अन्य श्रमाची सवय व तयारी नसल्याने उपासमार ओढवली, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. या अनुभवातून काढलेला निष्कर्ष त्यांच्या पुढील कार्यात दिसतो : केवळ देवावर भार टाकून हात न हलविणे ही श्रद्धा नव्हे.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या साहाय्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावयाची होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र खोलीचे दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दैनंदिन प्रार्थना ही खाजगी बाब राहू शकते काय, विशेषतः प्रार्थना करणारी व्यक्ती आश्रित मुलींची पालक असताना, हा या वादातील मूळ प्रश्न होता. दोन्ही बाजूंच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता.

याच सुमारास जॉर्ज म्यूलर आणि चायना इनलँड मिशन यांच्या वृत्तांतांचा रमाबाईंच्या मनावर खोल परिणाम झाला. ख्रिस्ती धर्म स्वीकारूनही प्रत्यक्ष ख्रिस्ताची ओळख आपल्याला बऱ्याच उशिरा झाली, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सु. ३०० मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. १८९८ मध्ये असोसिएशनच्या दहा वर्षांच्या हमीची मुदत संपली व त्यानंतर मुक्तीचे काम ठरावीक उत्पन्नाच्या आधाराविना चालू राहिले. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळग्रस्त मुली आल्यावर आश्रमवासीयांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली.

एवढ्या माणसांच्या रोजच्या अन्नासाठी प्रार्थना होई, त्याचबरोबर विहिरी खणल्या जात, शेती व बागाईत केली जाई, दुभती जनावरे पाळली जात. मुलींना विणकाम, शिवणकाम व मुद्रणाची कामे शिकविली जात. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याची व्यवस्था होती. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांच्या आधारे केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे आश्रमातील स्त्रियांनीच जुळविले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्याआधी, जुलै १९२१ मध्ये, त्यांची एकुलती कन्या व सहकारी मनोरमा मृत्यू पावली होती; त्यानंतरही भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले.

टिळक दांपत्य : रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. अभंगांजली व त्यांची असंख्य भक्तिगीते यांत ख्रिस्त हा गुरू, सखा व माउली म्हणून येतो. पाश्चात्त्य मिशनांतून आलेल्या ईश्वरसान्निध्याच्या कल्पनेला वारकरी भक्तीची जिव्हाळ्याची भाषा टिळकांमुळे मिळाली आणि ती मराठी चर्चमध्ये कायमची रुजली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यस्त वृत्तीने राहण्याचा संकल्प केला व ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंघटना स्थापिली.

या वृत्तीची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे (१९३४–३७) या आत्मचरित्रात दिसते. हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकणारा व उद्याची फिकीर न करणारा पती आणि त्याच घरात चूल पेटती ठेवण्याची जबाबदारी असलेली पत्नी, यांचा संसार त्यांनी विनोदाने, पण काहीही न झाकता रेखाटला आहे. एकाच्या निश्चिंततेचा भार दुसऱ्याला कसा वाहावा लागतो, हे त्यातून कळते. पतीचा नवा धर्म स्वीकारण्यास लक्ष्मीबाईंना सु. पाच वर्षे लागली. त्यांची श्रद्धा उपदेशातून आलेली नव्हती. शिवाशिवीचे संस्कार गळून पडणे, अनाथांना घरात घेणे अशा रोजच्या व्यवहारांतून ती घडत गेली. टिळकांचे अपूर्ण राहिलेले ख्रिस्तायन हे काव्य पुढे त्यांनीच पूर्ण केले.

आक्षेप व मर्यादा : या वृत्तीवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेण्यात येतात. पहिला, ती माणसाला परावलंबी बनविते. मुक्तीतील श्रमव्यवस्था हे त्याचे अंशतः उत्तर आहे. दुसरा, ईश्वरावर विसंबणे हे प्रत्यक्षात दात्यांवर विसंबणे असते. म्यूलर यांचे छापील वार्षिक वृत्तांत आणि मुक्तीची इंग्रजी पत्रके देशोदेशीच्या दात्यांपर्यंत पोहोचत, हे खरे आहे. ईश्वर माणसांच्याच हातून देतो, असे श्रद्धावंतांचे त्यावर म्हणणे असते. तिसरा व सर्वांत गंभीर आक्षेप म्हणजे, प्रार्थना करूनही भूक व मृत्यू टळत नाहीत. ख्रिस्ती परंपरेने हा प्रश्न नाकारलेला नाही. क्रुसावर येशूने स्वतः परित्यक्ततेचा आक्रोश केला. स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस (१५४२–९१) यांनी आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीचे विवेचन केले. मदर तेरेसा (१९१०–९७) यांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे दाखवितात, की कोलकात्यातील सेवेच्या दीर्घ काळात त्यांना ईश्वराचे सान्निध्य जाणवत नव्हते. तरीही त्यांची सेवा व प्रार्थना खंडित झाली नाही. सान्निध्याची जाणीव आणि सान्निध्यावरील विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

दैनंदिन आचार : मराठी ख्रिस्ती कुटुंबांत या वृत्तीचा आविष्कार साध्या आचारांतून होतो. भोजनापूर्वी आभार मानणे, सकाळी किंवा रात्री बायबलचे वाचन व कौटुंबिक प्रार्थना, प्रवासास अथवा नव्या कामास निघताना केलेली छोटी विनवणी हे आचार प्रॉटेस्टंट घरांतून आढळतात. वसई परिसरातील व गोव्यातील कॅथलिक घरांत सायंकाळी जपमाळेची प्रार्थना म्हणण्याची प्रथा आहे. उपवर्षण, पेरणी, आजार, परीक्षा, नोकरी अशा सर्व गोष्टींचा उल्लेख या प्रार्थनांत येतो. धर्मशास्त्रीय दृष्ट्या या विनवण्या किरकोळ वाटल्या, तरी रोजच्या जगण्यातील कोणतीही गोष्ट ईश्वरापुढे मांडण्याइतकी क्षुल्लक नसते, ही या वृत्तीमागील मूळ श्रद्धा त्यांतूनच टिकून राहिली आहे.