छायाचित्रांच्या भांडारात

ग्रंथालयात पुस्तक शोधणे फारसे कठीण नसते. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर त्याचे व लेखकाचे नाव असते, आणि तेवढ्याने भागले नाही तर आतील पाने उलटून पाहता येतात. छायाचित्राचे तसे नाही. ते पाहणाऱ्याला पुष्कळ काही सांगते. स्वतःचे नाव मात्र सांगत नाही. घरच्या पेटीतील शंभर-दोनशे छायाचित्रे एकेक करून पाहता येतील. परंतु अमेरिकेत १९३५ ते १९४४ या काळात सरकारी छायाचित्रकारांनी गावोगाव हिंडून जी छायाचित्रे घेतली, त्यांच्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हांची संख्याच सुमारे १,७५,००० भरते. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयात ती जतन केलेली आहेत. मिनिटाला एक याप्रमाणे रोज आठ तास पाहत बसले, तरी साऱ्यांवरून एकदा नजर फिरवण्यास एक वर्ष लागेल!

अशा भांडारांत पूर्वी छायाचित्रे कपाटांच्या खणांत प्रदेशवार आणि विषयवार लावून ठेवीत. या व्यवस्थेत एक अडचण होती. पुरातून घोड्यावर बसून वाट काढणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र ‘पूर’ या खणात ठेवावे, ‘घोडे’ या खणात ठेवावे, की ‘शेतकरी’ या खणात? चित्र एक, आणि खण तीन. म्हणून चित्राला सूचक शब्द जोडण्याची रीत उपयोगी पडली. संगणकावर यांनाच कीवर्ड म्हणतात. चित्र एकाच जागी राहिले, तरी त्याला हवे तितके शब्द जोडता येतात, आणि त्यांपैकी कोणत्याही शब्दाने ते हाती लागते.

एकाच शब्दाने शोध घ्यावयाचा असेल, तर काम सोपे असते. दोन शब्द एकत्र आले की खरी गंमत सुरू होते. समजा, एका संग्रहात पुढील पाच चित्रे आहेत. क्रमांक १२ खाली लिहिले आहे, ‘काळा ढग’. क्रमांक ४७ खाली, ‘कुरणात चरणारा काळा घोडा’. क्रमांक ८१ खाली, ‘टांग्याचा घोडा’. क्रमांक ९० खाली, ‘पांढरा घोडा आणि काळा फेटा बांधलेला स्वार’. आणि क्रमांक १३५ खाली, ‘काळा घोडा, मुंबई’.

शोध घेताना संगणक ही चित्रे पाहत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दांची सूची असते आणि प्रत्येक शब्दापुढे पानांचे आकडे असतात. तशीच सूची त्याने आधीच तयार करून ठेवलेली असते. ‘काळा’ या शब्दापुढे १२, ४७, ९०, १३५ हे आकडे, आणि ‘घोडा’ या शब्दापुढे ४७, ८१, ९०, १३५ हे आकडे. आता कोणी ‘काळा घोडा’ असे लिहिले, तर मधली मोकळी जागा पाहून संगणक त्याचे दोन शब्द करतो. दोहोंपैकी एक असला तरी चालेल, असे त्याला सांगितलेले असेल, तर तो पाचही चित्रे समोर ठेवतो, ढगसुद्धा! दोन्ही हवेत असे सांगितलेले असेल, तर दोन्ही सूचींत असलेले ४७, ९० आणि १३५ एवढेच तो निवडतो. ‘किंवा’ आणि ‘आणि’ या दोन लहान शब्दांत एवढे अंतर आहे. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा शब्दांचे गणित मांडले होते. संगणक तेव्हा कोठेच नव्हता.

तरीही क्रमांक ९० चा पांढरा घोडा मध्ये घुसलाच. त्याला बाहेर काढण्यासाठी सूचीत आणखी एक नोंद असावी लागते: शब्द कितव्या स्थानी आहे याची. क्रमांक ४७ मध्ये ‘काळा’ तिसरा आणि ‘घोडा’ चौथा. म्हणजे ते लागून आले. क्रमांक ९० मध्ये ‘घोडा’ दुसरा आणि ‘काळा’ चौथा. पुष्कळ संग्रहांत शब्द अवतरणचिन्हांत लिहिले, की ते याच क्रमाने आणि लागूनच हवेत, असा अर्थ घेतला जातो. मग ४७ आणि १३५ एवढेच उरतात.

आणि येथे शब्दांची खोडी लक्षात येते. क्रमांक १३५ मध्ये घोडा नसेलही! काळा घोडा हा मुंबईचा एक भाग आहे. तेथे १८७९ मध्ये सातवा एडवर्ड याचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला आणि काळ्या घोड्यावरून परिसराला नाव पडले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात गेला. नाव मात्र जागेवर राहिले. २०१७ मध्ये तेथे स्वार नसलेला नवा घोडा बसवण्यात आला. तेव्हा ज्याला रस्ता पाहावयाचा आहे, त्याने ‘मुंबई’ हा तिसरा शब्द जोडावा, हे बरे. मराठीत आणखी एक पेच आहे. ‘काळ्या घोड्याजवळची इमारत’ असे लिहिले, तर ‘काळा’ आणि ‘घोडा’ हे शब्द जसेच्या तसे त्यात नाहीतच. यंत्राला सामान्यरूपे शिकवलेली नसतील, तर ते चित्र भांडारात असून नसल्यासारखेच.

चित्रातील घोडा आपोआप ओळखणारी यंत्रे आता निघाली आहेत. परंतु जे नाव कोणीच लिहून ठेवले नाही, ते यंत्र तरी कोठून सांगणार? अमेरिकेच्या त्या सरकारी संग्रहातच याचे एक उदाहरण आहे. १९३६ मध्ये डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियातील निपोमो येथे एका मजूर मातेचे छायाचित्र घेतले. चिंतेने ओढलेला चेहरा, खांद्यांवर माना टाकलेली दोन मुले, मांडीवर तान्हे मूल. हे चित्र जगभर गाजले. त्याखालच्या नोंदीत वाटाणे तोडणारे मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस आणि गावाचे नाव, एवढे होते. लँगने त्या बाईचे नाव विचारलेच नव्हते. ‘निपोमो’ आणि ‘आई’ या शब्दांनी ते चित्र सापडले असते. तिच्या नावाने मात्र नाही. स्वतः तिला किंवा तिच्या मुलांना नावाने शोधू म्हटले असते, तरी नाही. १९७८ मध्ये ती फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन असल्याचे वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले. तोपर्यंत बेचाळीस वर्षे लोटली होती. पुढे १९८३ मध्ये ती वारली. आता ते तीन शब्द एकापुढे एक लिहिले, की तिचा चेहरा समोर येतो.